रिळातील उरलेल्या चौकटी

इतिहासाची साधने म्हटली की आपल्यासमोर ताम्रपट, बखरी आणि सरकारी दप्तरे उभी राहतात. छायाचित्राला साधन मानण्याची सवय आपल्याला उशिराच लागली. त्यातही मान मिळाला तो भिंतीवर चौकटीत टांगलेल्या छायाचित्राला. पडद्यासमोर खुर्चीवर बसलेले आजोबा, शेजारी उभी आजी, हातात पुस्तक किंवा काठी. हे चित्र खोटे नव्हे. परंतु ते आपण जगास कसे दिसावे असे वाटत होते त्याचे चित्र आहे. आपण प्रत्यक्षात कसे होतो हे जाणून घ्यावयाचे असेल तर रस्त्यावर, बाजारात, बेसावध क्षणी टिपलेल्या छायाचित्राकडे वळावे लागते.

आरंभी तशी छायाचित्रे शक्यच नव्हती. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. त्या काळी कॅमेऱ्यासमोर कित्येक क्षण निश्चल बसावे लागे; हलणारा माणूस काचेवर पुसट उमटे. चालता माणूस चालता टिपणे सर्वसामान्यांच्या आटोक्यात आले ते विसाव्या शतकात. १९२५ साली जर्मनीत लायका हा लहान कॅमेरा बाजारात आला. त्याच्या रिळात ३६ चित्रे बसत. १९२९ साली दोन भिंगांचा रोलायफ्लेक्स आला. तो डोळ्याला लावावा लागत नसे. पोटाशी धरून वरून खाली पाहावयाचे, त्यामुळे छायाचित्रकार मान खाली घालून उभा आहे एवढेच समोरच्याला दिसे.

या रोलायफ्लेक्सची एक हकीकत आपल्या जुन्या मध्य प्रांत-वऱ्हाडातील आहे. सेवाग्राम आश्रमात गांधीजींच्या पत्रव्यवहाराचे व हिशेबाचे काम पाहणारा कनू गांधी हा त्यांच्या पुतण्याचा, नारणदास गांधी यांचा मुलगा. त्याला छायाचित्रे काढावयाची होती. घनश्यामदास बिर्ला यांनी दिलेल्या शंभर रुपयांतून त्याने कॅमेरा आणि रीळ घेतले. गांधीजींनी परवानगी दिली, परंतु तीन अटींवर : झगझगीत फ्लॅश वापरावयाचा नाही, मला कधीही बसण्याउठण्यास सांगावयाचे नाही, आणि आश्रमाकडून पैसा मिळणार नाही.

१९३८ पासून सुमारे दहा वर्षे कनूने या अटी पाळल्या. कुटीतला प्रकाश मंद, त्या काळच्या फिल्मा आजच्या मानाने संथ, रिळात अवघ्या बारा चौकटी. गांधीजी तोल सांभाळत वजनकाट्यावर उभे आहेत किंवा पत्र वाचीत आहेत, अशी चित्रे त्या टंचाईतून निघाली. ‘जरा इकडे पाहा’ असे म्हणण्याची सोय नसल्यामुळे छायाचित्रकाराला वाट पाहणे भागच होते. आँरी कार्तिए-ब्रेसाँ हा फ्रेंच छायाचित्रकार १९४८ च्या जानेवारीत दिल्लीत गांधीजींना भेटला आणि जगभर गाजला. कनू मात्र दीर्घकाळ विस्मृतीत राहिला. त्याच्या चित्रांचे पुस्तक निघावयास २०१५ साल उजाडले. माझ्या मते आश्रमाचा दिनक्रम समजण्यास घरच्याच मुलाची चित्रे अधिक उपयोगी आहेत.

या हकीकतीला दुसरी बाजूही आहे. १९४४ साली पुण्याच्या आगाखान राजवाड्यात कस्तुरबा अखेरच्या घटका मोजीत होत्या. तेव्हा गांधीजींनी कनूला छायाचित्र काढू दिले नाही. नकळत टिपण्याची मुभा देणाऱ्याच माणसाने तिची सीमाही आखली.

ती सीमा मला आठवते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आपल्या पांढुर्ण्याच्या गोटमारीत. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवलेले, त्यावर निशाण, एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव, आणि मध्ये दगडांचा वर्षाव. शासकीय नोकरीत असलेल्या माणसाला या दिवसाची धास्ती काय असते हे सांगावयास नको. रबरी चेंडू देऊन पाहिले, ते लोकांनी मानले नाहीत. आता तर ड्रोननेही नजर ठेवली जाते. छायाचित्रकाराच्या दृष्टीने एवढा निर्व्याज जमाव दुसरा नाही, कारण तेथे कॅमेऱ्याकडे पाहावयास कोणाला सवड नसते. परंतु वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षे छापून येते ते फुटलेले डोके आणि रक्त. काठावरच्या गच्च्यांवर डोक्यावरून पदर घेऊन उभ्या असलेल्या बायका, चंडीमातेच्या देवळापाशी निशाणाची वाट पाहणारी म्हातारी माणसे, ही गोटमार छापून येत नाही. जखमी माणसाला त्याचे चित्र हवे आहे की नाही, हेही त्याला कोणी विचारीत नाही.

आता आपल्या घरांविषयी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा, आणि त्यासोबत पांढुर्णा व सौंसर, मध्य प्रदेशातच राहिले. २०२३ साली या दोन तालुक्यांचा पांढुर्णा जिल्हा झाला. मधल्या काळाची सरकारी दप्तरे हिंदीत आहेत. त्यांत जमीन आहे, वसुली आहे, खसरा आहे. बाजारात आपण कोणत्या भाषेत घासाघीस करीत होतो ते नाही. दुकानावरची मराठी पाटी, संत्र्यांच्या ढिगाशी बसलेली नऊवारीतील बाई, सौंसरच्या फलाटावर २०१५ पर्यंत येणारी नॅरोगेजची लहान गाडी, यांची साक्ष कोणी द्यावी?

ती साक्ष बहुधा आपल्याच कपाटांत पडून आहे. आपल्याकडे अनेक घरांत बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री कॅमेरा होता. त्यावर ऊन आणि ढग अशा खुणा, बाकी काही फिरवावयाचे नाही. रीळ महाग, धुण्याचा खर्च वेगळा, म्हणून ते बारशाला किंवा लग्नालाच भरले जाई. समारंभ आटोपल्यावर दोन-तीन चौकटी उरत. रीळ तर धुवावयास द्यावयाचे, मग त्या उरलेल्या चौकटी दारातला बैल, समोरचे दुकान, हसत जाणारा शेजारी यांच्यावर खर्ची पडत. त्यांच्या प्रती बहुतेक वेळा काढल्याच जात नसत, पैसे वाचत. निगेटिव्ह मात्र राहिली. लग्नाचा अल्बम सर्वांनी शंभर वेळा पाहिला, पण समोरचे दुकान कोणीच पाहिलेले नाही.

या फिल्मा ॲसिटेटच्या असल्याने उष्णतेत व दमटपणात कुजतात. डबी उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर कुजणे सुरू झाले असे समजावे, आणि ती पट्टी इतरांपासून त्वरित वेगळी करावी, कारण हा विकार शेजारच्या फिल्मांनाही जडतो. प्लास्टिकच्या घट्ट पिशवीपेक्षा कागदी पाकीट बरे. कडेला धरून उजेडासमोर एकेक चौकट पाहावी, विशेषतः शेवटच्या. जुन्या प्रतींच्या मागे बॉलपेनने लिहू नये, शाई पुढे उमटते. मऊ पेन्सिलीने व्यक्तीचे नाव, गल्ली, आणि साल आठवत नसेल तर कोणता पोळा एवढे तरी लिहावे. हे सांगू शकणारी ऐंशीपुढची माणसे ज्या घरांत आहेत, त्यांनी ते काम या उन्हाळ्यातच करावे.