पळालेल्या गुलामांचा इतिहास कसा शिकवावा?

अमेरिकेत उन्हाळ्यात शाळांना दीर्घ सुट्टी असते आणि त्या सुट्टीत शिक्षकांसाठी अभ्यासशिबिरे भरविण्याची प्रथा तेथे रूढ आहे. मानव्यविद्यांच्या अभ्यासासाठी १९६५ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय निधीने अशा अनेक शिबिरांना आर्थिक साहाय्य दिले. शिक्षकांनी एखाद्या ऐतिहासिक स्थळी आठवडाभर किंवा त्याहून अधिक मुक्काम करावा, मूळ कागदपत्रे वाचावीत, जाणकारांशी चर्चा करावी आणि परतल्यावर आपल्या वर्गासाठी नवे पाठ तयार करावेत, अशी ही योजना. यांतील काही शिबिरांचा विषय मोठा विलक्षण होता: गुलामगिरीतून पळून गेलेल्या माणसांचा इतिहास.

हजरत बिलाल यांची कथा आपल्या घरांतील लहान मुलालाही ठाऊक असते. मालकाने तापलेल्या वाळूवर निजवून छळ मांडला आणि हजरत अबू बक्र यांनी किंमत मोजून त्यांना मुक्त केले. परंतु ज्यांना विकत घेऊन सोडणारा कोणी नव्हता, त्यांनी काय केले? अमेरिकेत १८६० च्या शिरगणतीत गुलामांची संख्या सुमारे ३९ लाख ५० हजार भरली. गुलामीतील हजारो माणसे रात्री चालत, दिवसा दडत उत्तरेकडील राज्यांत आणि पुढे कॅनडात पोहोचली. त्यांना आसरा देणाऱ्या घरांच्या आणि माणसांच्या साखळीला ‘भुयारी रेल्वे’ असे नाव पडले. तिला ना रूळ होते ना भुयार. आसऱ्याच्या घराला स्टेशन म्हणत आणि वाट दाखविणाऱ्याला कंडक्टर.

उत्तरेत पोहोचले म्हणजे सुटले, असेही नव्हते. १८५० च्या कायद्याने पळालेल्या गुलामास उत्तरेतूनही पकडून नेता येई. आरोपीला स्वतःची साक्ष देण्याचा अधिकार नव्हता. त्याला मालकाच्या स्वाधीन केले तर निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्यास १० डॉलर मिळत, सोडून दिले तर ५ डॉलर! आसरा देणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शके. हा कायदा वर्गात वाचून दाखविला तर वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

पण माझ्या मते या इतिहासाचे मर्म दुसरीकडेच आहे. गुलामगिरीचा डोलारा साखळदंडाइतकाच कागदावर उभा होता. मळ्याबाहेर पाऊल टाकायचे तर गुलामाजवळ मालकाच्या सहीची चिठ्ठी लागे. ज्याला लिहिता येते त्याला ती चिठ्ठी स्वतःच लिहिता येईल, हे मालकवर्गाने फार लवकर ओळखले. साउथ कॅरोलायनात १७४० च्या कायद्याने गुलामाला लिहावयास शिकविणाऱ्याला शंभर पौंड दंड ठेवला. वाचनाबद्दल त्यात मनाई नव्हती, भीती लेखणीची होती! पुढे १८३० साली नॉर्थ कॅरोलायनाने लिहिणे आणि वाचणे दोन्ही शिकविण्यास बंदी केली. आकडेमोड मात्र चालत असे, कारण ती मालकाच्या उपयोगाची होती.

फ्रेडरिक डग्लस याचे चरित्र या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. बाल्टिमोर शहरात मालकिणीने त्याला मुळाक्षरे शिकविण्यास आरंभ केला. मालकाने ते बंद पाडले, आणि या विद्येत काहीतरी सामर्थ्य आहे हे त्या पोराला नेमके तेथेच उमगले. पुढे रस्त्यावरील गोऱ्या मुलांना पावाचे तुकडे देऊन त्याने त्यांच्याकडून अक्षरे घोटून घेतली. १८३६ साली पाच-सहा सोबत्यांसह पळण्याचा बेत त्याने केला तेव्हा सर्वांच्या चिठ्ठ्या त्यानेच लिहिल्या. बेत फुटला. पकडून नेले जात असताना, चिठ्ठीचे काय करू, असे एका सोबत्याने विचारले, तेव्हा डग्लसने सांगितले की पावाबरोबर खाऊन टाक. पुरावा पोटात गेला आणि सर्वजण बचावले. ३ सप्टेंबर १८३८ रोजी तो पुन्हा निघाला, या वेळी खलाशाच्या वेषात, एका मित्राचा खलाशी-दाखला खिशात घालून. दाखल्यातील वर्णन त्याच्याशी जुळत नव्हते. आगगाडीतील तिकीट तपासनिसाने कागदावरील गरुडाच्या चित्राकडे ओझरते पाहिले आणि तो पुढे सरकला. चोवीस तासांच्या आत डग्लस न्यूयॉर्कला पोहोचला. १८४५ साली त्याने आत्मचरित्र प्रसिद्ध केले, पण पळण्याची युक्ती त्यात सांगितली नाही. मागून येणाऱ्यांची वाट बंद होऊ नये म्हणून ती त्याने गुप्त ठेवली आणि पुस्तकरूपाने १८८१ मध्ये उघड केली.

हॅरिएट टबमन हिला तर लिहिता-वाचता येत नव्हते. १८४९ साली ती स्वतः पळाली आणि पुनःपुन्हा मेरीलँडला परत जाऊन आपली माणसे सोडवून आणू लागली. १८५४ च्या अखेरीस भावांना न्यावयाचे होते. तिने कोणाकडून तरी पत्र लिहवून घेतले आणि गावातील जेकब जॅक्सन नावाच्या एका स्वतंत्र कृष्णवर्णीय गृहस्थास, त्याच्या मानलेल्या मुलाच्या नावाने, धाडले. भावांनी तयार राहावे, हा निरोप त्यात धार्मिक भाषेत गुंफलेला होता. टपाल तपासणाऱ्या गोऱ्यांना पत्र उघडूनही अर्थ लागला नाही. जॅक्सनने ते वाचले, हे माझे नव्हेच म्हणून परत केले, आणि निरोप ताबडतोब पोहोचता झाला. नाताळाच्या सुमारास भाऊ निघाले. साक्षर शेजारी असणे म्हणजे काय, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

अशा शिबिरांत शिक्षकांना आणखी एक गोष्ट शिकावी लागते, ती म्हणजे गोड गोष्टी सोडून देणे. टबमनने १९ फेऱ्यांत तीनशे माणसे सोडविली, असे पुष्कळ पुस्तकांत छापलेले असते. कागदपत्रे तपासणाऱ्या अभ्यासकांच्या मते फेऱ्या सुमारे तेरा आणि माणसे सत्तरच्या आसपास. गोधड्यांवरील नक्षीतून गुप्त खुणा दिल्या जात, ही हकीकत १९९९ साली एका पुस्तकामुळे शाळाशाळांत पसरली, पण तिला भक्कम पुरावा मिळालेला नाही. मुलांना गोधडी आवडते हे खरे. तथापि सत्तर माणसांचा आकडा मला तीनशेहून मोठा वाटतो, कारण त्यांतील पुष्कळांची नावे सांगता येतात.

ती नावे उरली कशी? फिलाडेल्फियात विल्यम स्टिल नावाचा कारकून होता. स्वतंत्र जन्मलेला, पण गुलामीतून निसटलेल्या आईचा मुलगा. येणाऱ्या प्रत्येकाचे नाव, गाव, मालक आणि मागे राहिलेले आप्त यांची तो टिपणे ठेवी. १८५० साली अशीच चौकशी करीत असता समोर बसलेला इसम आपलाच भाऊ पीटर असल्याचे त्याला कळले. आई पळाली तेव्हा मागे राहिलेला हा मुलगा चाळीस वर्षांनी स्वतःची किंमत भरून सुटला होता. नोंद ठेवण्याचे मोल स्टिलला यानंतर कोणी पटवून द्यावे लागले नसेल. हे कागद त्याने लपवून जपले आणि १८७२ मध्ये त्यांचे पुस्तक काढले.

आता आपल्या वाचकांस विशेष जवळचा वाटेल असा एक पळपुटा. उमर इब्न सईद. जन्म १७७० च्या सुमारास, आजच्या सेनेगलच्या भागातील फुता तोरो प्रदेशात. पंचवीस वर्षे इल्म संपादन केलेला हा आलिम १८०७ साली पकडला गेला आणि चार्ल्सटन बंदरात विकला गेला. १८१० मध्ये क्रूर मालकाकडून तो पळाला. फेएटव्हिल गावी नमाजासाठी एका प्रार्थनास्थळात शिरला असता लोकांच्या नजरेस पडला आणि सोळा दिवस तुरुंगात राहिला. तेथे त्याने भिंतींवर अरबी लिहिले, असे सांगतात. आजूबाजूला ते वाचणारे कोणी नव्हते! पुढे दुसऱ्या मालकाने त्याला घेतले, तो अरबस्तानचा राजपुत्र असल्याच्या कंड्या वर्तमानपत्रांनी पिकविल्या, त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि अंतर्यामी तो काय मानीत होता यावर अभ्यासकांत अद्याप वाद आहे. १८३१ मध्ये त्याने अरबीत पंधरा पानांचे आत्मवृत्त लिहिले. आरंभी त्याने सूरह अल-मुल्क लिहून काढली. सर्व सत्ता अल्लाहच्या हाती आहे, असे सांगणारी ही सूरह एका मालकीच्या माणसाने का निवडली असावी, हे मुलांना विचारून पाहावे. गुलामगिरी संपण्यापूर्वीच तो वारला. हस्तलिखित मात्र २०१७ पासून वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहे.

हे सारे परक्यांचे पाप म्हणून मोकळे होता येणार नाही. पूर्व आफ्रिकेतून अरबी समुद्रात माणसे वाहून नेणाऱ्या गलबतांचे कित्येक नाखुदे आणि व्यापारी मुसलमान होते. गुलाम मुक्त करणे हे थोर पुण्य असल्याची शिकवण त्यांनीही ऐकलेलीच होती. ब्रिटिश आरमाराने पकडलेल्या गलबतांतील पुष्कळ मुले मुंबईस उतरविली जात. त्यांतील काहींना नाशिकजवळ शरणपूर येथील मिशनऱ्यांच्या आश्रमशाळेत ठेवीत. तेथे शिकलेला जेकब वेनराइट १८७३ साली लिव्हिंगस्टन वारला तेव्हा आफ्रिकेत त्याच्या तुकडीत होता. त्याने दफनविधीची प्रार्थना वाचली, झाडाच्या बुंध्यावर लेख कोरला आणि परतीच्या प्रवासाची रोजनिशी लिहिली. त्याच १८७३ साली झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला आणि जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करून ती गुलामीविरुद्ध झटणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केली.

आपल्या शाळांतील इतिहास-शिक्षकांसाठी मे महिन्यात असे तीन-चार दिवसांचे शिबिर भरविणे अवघड नाही. नाशिकला शरणपूर आहे, मुरूडला सिद्द्यांचा जंजिरा, आणि खुलताबादेस मलिक अंबरची कबर आहे. मलिक अंबर हा हबशी मुलूखात विकला गेलेला मुलगा, पुढे निजामशाहीचा वजीर झाला. उमर इब्न सईदच्या पानांचा मराठी अनुवाद आपल्यापैकी कोणी अरबी जाणणाऱ्याने आधी करून ठेवावा, म्हणजे पहिल्या दिवशी वाचावयास काही असेल.