छपन्न, मानमोडी आणि कुंताबाई

आमच्या घरात जुन्या गोष्टींना सन नसत. अमका छपन्नच्या आधी जन्मला, तमकीचं लग्न मानमोडीनंतर झालं, एवढ्यावर हिशेब भागे. छपन्न म्हणजे विक्रम संवत 1956 चा दुष्काळ, इंग्रजी 1899-1900. मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. आमच्या अंजनगाव सुर्जीचं नाव शाळेच्या पुस्तकात येतं ते अडगावची लढाई हरल्यावर दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी केलेल्या 30 डिसेंबर 1803 च्या तहामुळे. आजीला तो तह ठाऊक नव्हता. तिच्या पंचांगात राजे नव्हते. पाऊस होता, साथी होत्या आणि या सगळ्यात जागच्या जागी बसून राहिलेला देव होता.

छपन्न तिने पाहिलेला नव्हता. तो तिच्या सासूचा. तिच्या माहेरीही आमच्यासारखाच पानमळा. शेवगा, पांगरा, हेट्याच्या सावलीत चढवलेली नागवेल, आत जायचं तर वहाणा बांधावरच काढायच्या. पानवेलीला रोज पाणी लागतं. त्या साली विहीर आटली आणि वेली उभ्या वाळल्या. घरातली माणसं सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. सासू तेव्हा परकरी पोर. रिकाम्या मळ्यात शिरतानाही तिचा बाप वहाणा काढत होता, हे तिला म्हातारपणापर्यंत आठवायचं. तिने विचारलं म्हणे, आता कोणासाठी? बापाने उत्तर दिलं नाही. पुढच्या पावसानंतर त्याने दुसऱ्याच्या मळ्यातून बेणं मागून आणलं.

वेल वाढली की दर वर्षी ती उतरवून तिचा बुडखा पुन्हा मातीत पुरावा लागतो. एखाद्या कीर्तनकाराने यावर तासभर निरूपण केलं असतं. आजीला त्यावरून फक्त कंबरदुखी आठवायची.

छपन्नच्या साली दापुऱ्याला तेविशीतला एक वरठ्याचा मुलगा मामाची शेती सांभाळत होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर, पुढचे गाडगेबाबा. त्यांचा जन्म आमच्याच तालुक्यातल्या शेंडगावचा, 23 फेब्रुवारी 1876 चा, त्यामुळे त्यांच्या गोष्टी आमच्याकडे भाऊबंदांच्या असाव्यात तशा सांगितल्या जात. बाप दारूने गेला. आणि ती दारू आली कुठून? देवकार्यातून, बकऱ्याच्या नैवेद्यातून. आबाजी, म्हणजे माझे आजोबा, ही गोष्ट सांगताना इथे थांबत. देवाच्या नावानेच ज्याचं घर बुडालं, त्याने देवाला सोडून द्यायला हवं होतं. डेबूजीने दारू सोडली, बकरं सोडलं, देव ठेवला. मुलीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाऐवजी गोड जेवण वाढलं, तेव्हा पंगतीत बरीच कुरकुर झाली म्हणतात. मग मामाने विश्वासाने कागदावर अंगठे केले, सावकाराने जमीन गिळली आणि मामा त्या धक्क्यातून उठला नाही. एवढ्या ठेचांनंतर 1905 च्या फेब्रुवारीत या माणसाने घर सोडलं, ते झाडू घेऊन. मला ही गोष्ट अजून पुरती उलगडत नाही. बहुतेक माणसं अशा वेळी एक तर नास्तिक होतात, नाही तर जास्त नवस बोलतात.

आबाजींनी बाबांचं कीर्तन ऐन उमेदीत ऐकलं होतं. बाबा दिवसभर गाव झाडायचे आणि रात्री त्याच गावाला प्रश्न विचारून घाम फोडायचे. कर्ज काढून सण करता का? मुलाला शाळेत घालता का? आबाजी परतले ते नवसाचे वैरी होऊन. आजीची पंचाईत अशी की तिच्या अंगावर एक नवस उभा होता. तिचा तीन वर्षांचा मुलगा तापाने गेला, त्याच्यासाठी बोललेला. मुलगा गेल्यावर नवस फेडायचा की नाही? आबाजी म्हणाले, विसर. ती विसरली नाही, फेडलाही नाही. तिचं बोलणं मात्र बदललं. “देवाले हिसोब मांगून काय भेटते,” म्हणायची, “तोही थकला असन.” देवाविषयी इतक्या मायेने बोलणारं दुसरं माणूस मी पाहिलेलं नाही, आणि त्यानंतर तिने देवाकडे काही मागितल्याचंही ऐकलेलं नाही.

घरातलं खरं भांडण मात्र गोविंदावरून होतं. 1923 मध्ये बाबा कोकणात होते, खारेपाटणला कीर्तन चालू होतं. तिथे एकुलता मुलगा गोविंदा गेल्याची बातमी पोचली. कुत्रं चावण्याचं निमित्त झालं होतं. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. ही गोष्ट आबाजी ताठ मानेने सांगत. आजी सुपारी कातरता कातरता म्हणायची, “अन् कुंताबाईनं काय केलं?”

कुंताबाई म्हणजे बाबांची बायको. बाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, मुंबईत धर्मशाळा उभ्या केल्या, पण घरच्यांना त्यांतला पैसा लागू दिला नाही. ती माणसं झोपडीत राहिली, असं जुनी माणसं सांगतात. चरित्रांत याला वैराग्य म्हणतात. बाबांचं वैराग्य मला कबूल आहे. पण ते त्यांनी स्वतः निवडलं होतं. कुंताबाईच्या वाट्याला ते आलं. न निवडलेलं दुःख सोसून देवावर विश्वास ठेवण्याची साधना कोणत्या पोथीत बसते? आबाजी यावर एवढंच म्हणत की बाबांचा देव माणसांत होता. “कुंताबाई मानूस नोयती का?” आजी विचारायची.

20 डिसेंबर 1956 ला वलगावजवळ बाबा गेले. आबाजी त्या दिवशी जेवले नाहीत. आजीने चूल पेटवली, पोरांना जेवू घातलं आणि पौषातल्या यात्रेला ऋणमोचनला जायचं ठरवलं. पूर्णेच्या काठचं हे ठिकाण. चिखलात घसरणाऱ्या यात्रेकरूंसाठी बाबांनी स्वतः राबून वाट केली, पुढे घाट बांधवला, तो इथेच. तेव्हापासून पौषातल्या एका रविवारी ती तिथे जाऊ लागली. नारळ नेत नसे. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा आणि मळ्यातली पानं. घाटावर बसून वाढायची, आणि आधी बायांना. एकदा कोण्या म्हाताऱ्याने पुरुषांची पंगत आधी बसवायला सांगितली. आजीने वर पाहिलंही नाही.

“बसा थोडं. बुढे मांगून जेवतीन.”