चिलखत स्वतः करायचं की करून घ्यायचं? आठव्या हेन्रीची अडचण आणि आपली

पीएचडीला प्रवेश घेतला की पहिल्या सहा महिन्यांत एक प्रश्न येतोच. प्रयोगाला लागणारी मांडणी आपण स्वतः जुळवायची की कुणाला तरी पैसे देऊन करून घ्यायची? भट्टी, व्हॅक्यूम चेंबर, सॅम्पल धरायचा होल्डर, काहीही असो. गाइड म्हणतात "करा तुम्हीच, शिकाल". सीनिअर म्हणतात "वेडा आहेस का, कोटेशन मागव". दोघंही खरं बोलत असतात, हीच तर पंचाईत.

या प्रश्नावर मी तुम्हाला पाचशे वर्षांपूर्वीची एक केस सांगणार आहे. माझा विषय मटेरिअल सायन्स, इतिहास नव्हे. पण धातूंवर वाचता वाचता मी चिलखतांपाशी जाऊन पोचले आणि तिथेच बराच काळ रेंगाळले.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. चिलखत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कड्यांचं, अंगरख्याच्या आत घालायचं चिलखत येतं, प्रतापगडाच्या गोष्टीतलं. मी बोलतेय ते युरोपातलं, पोलादी पत्र्याचं, डोक्यापासून पायापर्यंत सांधे असलेलं. आणि त्यातलाही एक खास प्रकार, ज्याला अभ्यासक 'कॉश्च्युम आर्मर' म्हणतात. साधारण १५१० ते १५३० या काळात जर्मन भाषिक प्रदेशात कपड्यांची नक्कल करणारी चिलखतं करायची टूम निघाली. फुगीर, चिरा पाडलेल्या बाह्या, घागऱ्यासारखा चुण्यांचा घेर, आणि सगळं पोलादात. आउग्सबुर्गच्या कोलमान हेल्मश्मीडने १५२३ च्या सुमारास विल्हेल्म फॉन रोगेनडोर्फसाठी केलेल्या चिलखताचे फोटो एकदा बघाच. बाह्या बघून हे कापड नाही यावर विश्वास बसत नाही. पत्र्याला असा फुगवटा द्यायचा, तोही जाडी सगळीकडे हवी तशी राखून, हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

आता हेन्री. १५०९ मध्ये तो इंग्लंडचा राजा झाला तेव्हा अठराही पूर्ण नव्हते. उंच, धिप्पाड, घोड्यावरच्या भाल्यांच्या सामन्यांचं वेड. त्या काळात राजाचं चिलखत म्हणजे नुसतं संरक्षण नव्हतं. परराष्ट्र धोरणाचा तो एक भागच होता. राजे एकमेकांना चिलखतं भेट देत, आणि ती अंगावर घालून एकमेकांसमोर मिरवत. पण इंग्लंडमध्ये त्या दर्जाचं काम करणारा कारखाना नव्हता. मिलान, इन्सब्रुक, आउग्सबुर्ग, ही नावं मोठी होती. सैनिकांसाठीचा साधा मालसुद्धा बाहेरून येई. १५१२ मध्ये ग्विदो पोर्तिनारी नावाच्या फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्याकडून 'आल्मेन रिव्हेट' प्रकारचे २,००० संच घ्यायचा करार झाला, दर संचाला १६ शिलिंग. घाऊक माल असा मिळतो. राजाच्या मापाचं चिलखत असं मिळत नाही.

का नाही मिळत, ते नीट बघा, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा इथेच आहे. पत्र्याचं चिलखत शिंप्याच्या कपड्यापेक्षा जास्त नेमकं बसावं लागतं. कापड ताणतं, पोलाद ताणत नाही. कोपराचा सांधा बोटभर वर सरकला तर हात वळत नाही. मग गिऱ्हाईक लंडनमध्ये आणि कारागीर आल्प्सच्या कुशीत असेल तर माप पाठवायचं कसं? लोकांनी उपाय काढले होते. पाचव्या चार्ल्सच्या पायांचा मेणाचा नमुना करून हेल्मश्मीडकडे पाठवायचा खर्च हिशेबात नोंदलेला सापडतो. फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसला हेन्रीसाठी छातीचं चिलखत करून भेट द्यायचं होतं, तर त्याने हेन्रीचं चिलखताखाली घालायचं जाकीट मागवलं होतं. म्हणजे आपण व्हेंडरला ड्रॉइंग आणि एक नमुना पाठवतो, तसंच. फरक इतकाच की इथे ईमेल करून "होल दोन मिलिमीटर डावीकडे हवं होतं" असं कळवायची सोय नव्हती. (ती सोय असूनही आपलं काय होतं, ते तुम्हाला माहीत आहे.)

वेळेचा प्रश्न याहून मोठा. सम्राट माक्सिमिलियनने १५११ मध्ये इन्सब्रुकच्या आपल्या दरबारी कारागिराला, कोनराड सॉयझेनहोफरला, हेन्रीला भेट द्यायच्या चिलखताचं काम सांगितलं. ते इंग्लंडला पोचलं १५१४ मध्ये. तीन वर्षं. युरोपातला सगळ्यात नावाजलेला कारखाना, सांगणारा खुद्द सम्राट, आणि तरी तीन वर्षं. त्यातलं शिरस्त्राण आज लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात आहे. बोकडासारखी वळलेली शिंगं, नाकावर चष्मा, विचित्र हसरा चेहरा. बाकीचं चिलखत सतराव्या शतकात यादवी युद्धानंतर भंगारात गेलं असं मानतात. हे शिरस्त्राण तर बराच काळ हेन्रीच्या विदूषकाचं समजलं जात होतं.

हेन्रीने वाट बघत बसायचं नाही असं ठरवलं. पण त्याने जे केलं ते 'स्वतः करणं' आणि 'करून घेणं' या दोन्हींच्या मधलं होतं. त्याने माल मागवण्याऐवजी माणसं मागवली. १५११ मध्ये मिलानचे कारागीर आले, फ्लँडर्सकडचेही आले, आणि १५१५ मध्ये जर्मन भाषिक कारागिरांचा, 'आल्मेन' म्हणत त्यांचा, कारखाना ग्रीनिचच्या राजवाड्यापाशी उभा राहिला. भट्टी आपली, ऐरण आपली, पगार आपला, हात परक्यांचे. इंग्लंडमध्येच काम करणाऱ्या परदेशी कारागिरांचं म्हणून मानलं जाणारं एक चिलखत याच सुमाराचं आहे, आणि ते पुरतं कॉश्च्युम थाटाचं. कमरेखाली पोलादी घेर, कापडी घागऱ्याच्या चुण्यांसारखा, सगळीकडे कोरीव काम, वर चांदीचा मुलामा, आणि घेराच्या काठावर एच आणि के ही अक्षरं गाठीने जोडलेली. हेन्री आणि कॅथरीन. नक्षीकाम पॉल फान फ्रेलांटचं. सहा वर्षांपूर्वी ज्या देशात हे काम होतच नव्हतं, तिथे हे उभं राहिलं.

मग आपला कारखाना असण्याचा खरा फायदा काय झाला? माझ्या मते त्याचं उत्तर १५२० मध्ये मिळतं. त्या वर्षी जूनमध्ये हेन्री आणि फ्रान्सिस यांची मोठी भेट ठरली होती, 'फील्ड ऑफ क्लॉथ ऑफ गोल्ड' म्हणून ती प्रसिद्ध आहे. सामने होणार होते. पायी लढायच्या सामन्यासाठी ग्रीनिचला एक अफाट चिलखत चालू होतं. २३५ तुकडे, वजन ४२ किलोच्या वर, आणि शरीराचा एकही भाग उघडा नाही. गुडघ्यामागे, काखेत, बैठकीच्या भागावरसुद्धा एकमेकांवर सरकणाऱ्या पट्ट्या. आणि तीनेक महिने उरलेले असताना फ्रेंचांनी नियम बदलले. आता चिलखताला पोलादी घेर हवा आणि शिरस्त्राण वेगळ्या प्रकारचं. झालं! इतकं काम बाजूला.

इन्सब्रुकला ऑर्डर दिलेली असती तर हेन्री गेला नसता किंवा लाजत गेला असता. ग्रीनिचच्या लोकांनी काय केलं? कोठारात जे होतं ते बाहेर काढलं. मिलानच्या मिस्सालिया घराण्याच्या खुणा असलेलं जुनं शिरस्त्राण घेतलं, आधीच्या चिलखताचे पायांचे भाग घेतले, ते बदलून बसवले, नवा घेर केला, वरून नक्षी केली. जुन्या सामानातून नवं चिलखत तीन महिन्यांत तयार.

जे शिकायचंय ते इथे आहे म्हणून थोडं थांबते. आपला कारखाना असला म्हणजे वस्तू चांगली होते असं नाही, स्वस्त तर मुळीच होत नाही. पण गरज बदलली की वस्तू बदलता येते. आणि संशोधनात गरज बदलतेच. प्रपोजलमध्ये लिहिलेला प्रयोग आणि थिसिसमध्ये आलेला प्रयोग एकच असल्याची उदाहरणं मी फार पाहिलेली नाहीत. जो भाग पुन्हा पुन्हा उघडावा लागणार आहे, तो ज्याने केलाय तो माणूस हाकेच्या अंतरावर असावा. तो तुम्ही स्वतः असाल किंवा वर्कशॉपमधले मामा असतील. पंप, गेज, पॉवर सप्लाय स्वतः करायच्या फंदात पडू नका. ते आल्मेन रिव्हेट आहेत, १६ शिलिंगला मिळतात.

आता माझ्या विषयाकडे येते, कारण इथे गोष्ट जरा कडू होते. चिलखत दिसायला उत्तम असेल, पण धातूचं काय? लोहाराकडे तुम्ही पाहिलं असेल, कोयता लाल तापवून पाण्यात बुडवतात, त्याला 'पाणी देणं' म्हणतात. पोलादात पुरेसा कार्बन असेल तर अशा झटपट थंड होण्याने आत मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण रचना तयार होते. मग ते फार ठिसूळ राहू नये म्हणून बेताने पुन्हा तापवायचं, हे टेम्परिंग. साध्या लोखंडाचा विकर्स कठीणपणा १०० च्या आसपास, नीट पाणी दिलेल्या पोलादाचा ३०० च्या पुढे सहज जातो. ॲलन विल्यम्स या अभ्यासकाने शेकडो चिलखतांचे बारीक नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, आणि ग्रीनिचवर त्याने अँथनी दे रॉयक यांच्याबरोबर एक स्वतंत्र पुस्तकच लिहिलं. चित्र असं दिसतं: इन्सब्रुकला पाणी देण्याची कला हातात होती, ग्रीनिचला ती पक्की बसायला काही दशकं गेली.

माणसं आणली होती की! मग? एक तर धातू वेगळा, कोळसा वेगळा, आणि किती लाल म्हणजे पुरेसं लाल, हे डोळ्यालाच ठरवायचं. दुसरं कारण मुलाम्याचं. सोन्याचा मुलामा पाऱ्यात मिसळून लावत आणि मग पारा उडवायला तापवत. त्या उष्णतेने आधी दिलेलं पाणी उतरतं, धातू मऊ होतो. म्हणजे दिखावा आणि कठीणपणा यांचं सरळ भांडण. विल्यम्सच्या मते मिलानवाल्यांनी सोळाव्या शतकात नक्षीच्या बाजूने कौल दिला आणि पाणी देणं जवळजवळ सोडलं. ग्रीनिचने दोन्ही जमवायचा हट्ट धरला आणि शतकाच्या उत्तरार्धात ते बरंचसं साधलं. तुमच्या रजिस्टरमध्ये जी पायरी "तापवले, थंड केले" इतकीच लिहिलेली असते, तिच्यात कुणाचीतरी तीस वर्षं असू शकतात. ती पायरी कोटेशनमध्ये येत नाही.

आणि कच्चा माल? १५९० मध्ये सर हेन्री ली यांनी एक चाचणी घेतली. श्रॉपशरच्या इंग्लिश लोखंडाचा एक छातीचा पत्रा आणि इन्सब्रुककडून येणाऱ्या धातूचा दुसरा, दोन्हींवर पिस्तूल झाडलं. इंग्लिश पत्र्यातून गोळी आरपार गेली, दुसऱ्यावर नुसता पोचा. कारखाना उभा राहून पंचाहत्तर वर्षं झाली होती, मुख्य कारागीर याकोब हाल्डरसारखा नामांकित, आणि धातू अजून तिकडचाच हवा होता. 'आम्ही सगळं इथेच करतो' असं कुणी म्हणालं की मी हल्ली पावडर कुठून येते ते विचारते.

एक मुद्दा राहिला, तो हक्काचा, आणि तो आजच्या काळातला. १९७६ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या पहिल्या चित्रपटासाठी पांढऱ्या सैनिकांची शिरस्त्राणं लंडनमध्ये अँड्र्यू एन्सवर्थ यांच्याकडून करून घेतली गेली, तापवलेला प्लास्टिकचा पत्रा साच्यावर ओढून. साचे त्यांच्याकडे राहिले. २००४ पासून ते प्रती विकू लागले आणि लुकासफिल्मने दावा लावला. अमेरिकेत २००६ मध्ये कंपनीच्या बाजूने दोन कोटी डॉलरचा निकाल लागला. पण २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हे शिरस्त्राण 'शिल्प' नाही, त्यामुळे तिथल्या कायद्याने शिल्पाचं कॉपीराइट त्याला मिळत नाही; अमेरिकन कॉपीराइटचा दावा मात्र ब्रिटनमध्ये चालू शकतो. इतकी वर्षं, इतके वकील. तुम्ही काही करून घेणार असाल तर ड्रॉइंग, कोड आणि साचा कुणाचा, हे परचेस ऑर्डरवरच लिहून घ्या. दोन ओळी लागतात. आमच्याकडे एकाच्या होल्डरचं ड्रॉइंग फक्त व्हेंडरकडे होतं, आणि दुसरा नग करायची वेळ आली तेव्हा त्याने सांगेल तो भाव द्यावा लागला.

ग्रीनिचचा कारखाना १६४९ च्या सुमारास बंद झाला. १५२० मध्ये बाजूला पडलेलं ते २३५ तुकड्यांचं चिलखत मात्र लीड्समध्ये आहे. ते तसंच अर्धवट राहिलं, नक्षी नाही, मुलामा नाही. त्यामुळे प्रत्येक पट्टी, प्रत्येक रिव्हेट, सांधा कसा सरकतो ते उघडं दिसतं. फोटो मिळाला तर आधी गुडघ्याची मागची बाजू बघा.