सिंधुदुर्ग किल्ला बघायला निघालाय? आधी एवढं वाचा

नातेपुते : सुट्टी लागली की आपल्या भागातली बरीच मंडळी कोकणात जातात. मालवणला गेल्यावर सिंधुदुर्ग किल्ला बघितल्याशिवाय कोणी परत येत नाही. पण किल्ल्याभोवतीचा समुद्र हे सरकारी अभयारण्य आहे, हे अनेकांना माहीत नसतं.

किल्ल्याची माहिती
छत्रपती शिवाजी महाराजांनी 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधकाम सुरू केलं. 1667 मध्ये किल्ला पूर्ण झाला. बेट सुमारे 48 एकरांचं, तटबंदी जवळपास तीन किलोमीटर. पायाच्या दगडांत शिसं ओतलंय. महादरवाजा बुरुजांच्या आड असल्याने जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वर मंदिर आहे. चारी बाजूंनी खारं पाणी, तरी दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडं पाणी! जुलै 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलेल्या 12 किल्ल्यांत हाही आहे.

कसं जायचं?
नातेपुते–दहिवडी–वडूज–कराड–कोल्हापूर, पुढे राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, कसाल, मालवण. सात-आठ तास धरून चला. रेल्वेने आलात तर कुडाळ किंवा कणकवलीला उतरा. मालवण जेटीवरून होडी मिळते. पावसाळ्यात होड्या बंद असतात, त्यामुळे ऑक्टोबर ते मे हा काळ बरा.

शंख, पोवळं आणू नका
मालवण सागरी अभयारण्य 1987 मध्ये जाहीर झालं. क्षेत्र सुमारे 29 चौरस किलोमीटर. पाण्याखाली दिसणारं पोवळं म्हणजे दगड नव्हे, ती जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. ती अतिशय सावकाश वाढते. पाय दिला तरी मोडते. तिच्या आडोशाला माशांची पिल्लं वाढतात, म्हणजे मच्छीमाराचं पोटही त्यावरच.

वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार पोवळ्याला वाघाइतकंच कडक संरक्षण आहे. अभयारण्यातून परवानगीशिवाय काहीही उचलणं गुन्हा आहे. तुरुंगवास होऊ शकतो. पोरांनी आठवण म्हणून खिशात घातलं, ही सबब तिथं चालत नाही.

हे लक्षात ठेवा
• होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. विहिरीत पोहणाऱ्यानेही समुद्राला कमी समजू नये.
• होडी भरली असेल तर पुढच्या होडीची वाट बघा.
• परतीची वेळ होडीवाल्याला आधीच विचारा.
• तटाच्या कडेला सेल्फी नको, दगडावर नावं कोरू नका.
• प्लॅस्टिक बाटली, पुड्या परत आणा.

महाराजांचा किल्ला आणि त्याच्या पायाशी असलेला समुद्र, दोन्ही जपायचं आपल्याच हातात आहे.