ॲम्प्लिफायरच्या दारातले दोन डायोड

परभणी-जिंतूर भागातल्या काळ्या रानात ठिबक आपोआप सुरू-बंद व्हावं म्हणून यंत्रणा बसवली, की ओलाव्याचा सेन्सर पिकाच्या मुळाशी जातो आणि नियंत्रकाची पेटी विहिरीवरच्या खोलीत राहते. मधली तार बहुतेक वेळा मोटारीच्या केबलला लागूनच पुरलेली असते. मोटार बंद होताना, किंवा वळवाच्या पावसात लांब कुठेतरी वीज कोसळली की त्या तारेवर क्षणभर मोठा व्होल्टेज चढतो. पेटीतला ऑप-ॲम्प, म्हणजे सेन्सरचा सिग्नल घेणारा ॲम्प्लिफायर, तर जेमतेम 5 व्होल्टवर चालणारा. तो वाचतो तो दारातल्या एका रेझिस्टरमुळे आणि दोन डायोडमुळे. एक डायोड वरच्या सप्लायकडे, दुसरा ग्राउंडकडे.

यातला डायोड ऑप-ॲम्पपेक्षा वयाने बराच मोठा. काही खनिजांतून वीज एकाच दिशेने सहज वाहते, हे जर्मनीत फर्डिनांड ब्राउन यांनी 1874 मध्ये टिपलं. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी गॅलेना स्फटिकाचा शोधक बनवला, 1901 मध्ये अमेरिकेत पेटंटसाठी अर्ज केला आणि 1904 मध्ये त्यांना ते मिळालं. तेव्हा या स्फटिकाचं काम होतं विद्युतलहरी पकडणं. राखणदारी त्याच्याकडे फार उशिरा आली.

कारण राखण करावी असं नाजूक काही तेव्हा नव्हतंच. बेल लॅब्जच्या कार्ल स्वार्ट्झेल यांनी 1941 मध्ये विमानवेधी तोफांच्या गणकासाठी जो ॲम्प्लिफायर रचला, तो व्हॅक्यूम ट्यूबचा होता आणि त्याला अधिक-उणे 350 व्होल्ट लागत. 1952 च्या सुमारास बाजारात आलेला फिलब्रिक यांचा के2-डब्ल्यू अधिक-उणे 300 व्होल्टवर चाले. ज्या घराचं छतच 300 व्होल्टवर, तिथे बाहेरून पाच-पन्नास व्होल्ट आले तरी कुणाला काय त्याचं!

सिलिकॉनने हे छत खाली आणलं. फेअरचाइल्ड कंपनीत बॉब विडलर यांनी 1965 मध्ये 709 हा ऑप-ॲम्प काढला. सप्लाय अधिक-उणे 15 व्होल्ट, आणि दोन इनपुटमधला फरक 5 व्होल्टच्या वर गेलेला चालत नसे. म्हणून त्याच्या इनपुटवर बाहेरून दोन डायोड उलटसुलट जोडायची पद्धत पडली. पुढे एलएम101 आणि 1968 चा डेव्ह फुलागर यांचा 741 आले. त्यांनी 30 व्होल्टचा फरक पचवला, पण इनपुट सप्लायच्या पलीकडे नेऊ नका ही अट काही सुटली नाही. मग मॉस ट्रान्झिस्टरचे ऑप-ॲम्प आले. त्यांच्या इनपुटवर ऑक्साइडचा थर इतका पातळ, की बोटावरची स्थिर वीजसुद्धा तो फोडते. तेव्हा उत्पादकांनी चिपमध्येच राखणदार डायोड घातले.

इथेच घोटाळा होतो. डायोड आत आहेत म्हटल्यावर पुष्कळ जण बाहेर काहीच लावत नाहीत. एमसीपी6002 सारख्या साध्या, स्वस्त चिपच्या इनपुटमधून जास्तीत जास्त 2 मिलिअँपिअर जाऊ द्यायचा, असं तिच्या माहितीपत्रकातच दिलेलं असतं. 5 व्होल्टच्या सप्लायवर चुकून 24 व्होल्ट आले आणि वाटेत 1 किलोओहम असेल, तर सप्लायचे 5 आणि डायोडचे 0.6 वजा करून 18 मिलिअँपिअरच्या वर प्रवाह जातो. 10 किलोओहम लावा, तोच 1.84 वर येतो. माझ्या मते या त्रिकुटात खरा मान रेझिस्टरचा आहे. डायोड फक्त वाट दाखवतो.

आणि वाट तरी कुठे जाते? डायोड जादा प्रवाह 5 व्होल्टच्या सप्लायवर सोडतो, पण 7805 सारखा रेग्युलेटर प्रवाह देतो, परत घेत नाही. येलदरी धरणाला सांडवा आहे तसं खाली पूर्णेचं पात्रही आहे. पात्रच नसेल तर सांडव्याचं पाणी जाणार कुठे? सर्किट स्वतः जेवढा प्रवाह खातं त्याहून जास्त आत आला, की सप्लायच वर चढतो आणि 7 व्होल्ट ही कमाल मर्यादा असलेली चिप तिच्या डायोडसकट जाते. म्हणून सप्लायवर जादा व्होल्टेज ग्राउंडकडे वळवणारा झेनर किंवा टीव्हीएस डायोड हवाच.

शेतीची वीज पाळीने येते, त्यामुळे आपल्याकडे आणखी एक प्रसंग रोजचा. लाईट गेली, पेटी बंद पडली, पण सोलरच्या बॅटरीवरचा सेन्सर चालूच. आता सप्लाय शून्य, म्हणजे सेन्सरचा साधा, निरोगी सिग्नलही सप्लायच्या वरच! तो डायोडमधून शिरून अख्ख्या सर्किटला अर्धवट वीज पुरवत राहतो आणि कंट्रोलर ना धड बंद, ना धड चालू अशा स्थितीत अडकतो.

हा शिरणारा प्रवाह रोखायला रेझिस्टर वाढवत नेला तर मापात चूक शिरते. 1एन4148 ची गळती 25 अंशांना जास्तीत जास्त 25 नॅनोअँपिअर. 10 किलोओहमवर पाव मिलिव्होल्ट. पण गळती दर 10 अंशांना साधारण दुप्पट होते. मे महिन्यात पत्र्याची पेटी 65 अंशांवर गेली की तीच चूक 4 मिलिव्होल्ट. शॉटकी डायोड लवकर उघडतो खरा, पण गळतो कितीतरी जास्त.

परभणीच्या कृषी विद्यापीठात, तंत्रनिकेतनांत दरवर्षी असे सेन्सरचे प्रकल्प होतात. त्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे: बोर्ड शेतात नेण्याआधी टेबलावर त्याचा सप्लाय काढा, सेन्सरची तार चालू ठेवा आणि 5 व्होल्टच्या पिनवर मीटर लावून पाहा. तिथे काही व्होल्ट दिसले, तर बोर्ड अजून शेतात न्यायचा नाही.