छत्तीसशेचं गिऱ्हाईक

बँकेत चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड लागते. कागदावर जो आकडा लिहिला आहे तोच तिजोरीत सापडला पाहिजे, नाहीतर त्याला रात्री झोप येत नाही. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी माझी ही खोड गेलेली नाही. गव्हाच्या पोत्यावर '३० किलो' छापलेलं असलं की मी ते गिरणीत नेऊन पुन्हा वजन करून घेतो. मला लांबून येताना बघितलं की गिरणीवाला काटा आत ठेवतो, असं आमची ही म्हणते. मी चौकशी केलेली नाही.

अशा माणसाने कॉम्प्युटरची मेमरी विकत घ्यायला जाऊ नये.

पण गरज होती. माझे वडील हवेली तालुक्यात तलाठी होते. १९५१ पासून १९८३ पर्यंत त्यांनी रोज रात्री वही लिहिली. पाऊस किती पडला, कोणाची म्हैस व्याली, कोणी कोणाकडून किती उसने घेतले, सगळं त्यात आहे. आता त्या वह्यांना कसर लागली आहे. पान उलटावं तर कोपरा बोटांत येतो. म्हणजे प्रत्येक पान स्कॅनरच्या काचेवर एकदाच ठेवायचं. दुसऱ्यांदा ठेवायला ते उरेलच असं नाही. आणि आमचा कॉम्प्युटर असा, की चार पानं एकदम उघडली की तो मध्येच थांबून सुस्कारा टाकल्यासारखा आवाज करायचा.

"मामा, ह्याला रॅम कमी पडतेय," भाचा म्हणाला. ह्याचं नाव मनोहर, पण घरात मन्या. मशीनही मूळचं त्याचंच, त्याने नवीन घेतल्यावर माझ्याकडे दत्तक आलेलं.

लॅमिंग्टन रोडला गेलो. त्या रस्त्याला डॉ. भडकमकरांचं नाव देऊन जमाना झाला, पण वायरी आणि स्क्रू विकत घेणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो. दुकानदाराने आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्यांचा एक डबा पुढे ठेवला. डब्यावर कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत '३६००' छापलेलं. मला शब्दांपेक्षा आकडे लवकर पटतात. घेतला.

घरी येऊन पट्ट्या बसवल्या. मशीन सुरू झालं. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर नावाची एक खिडकी असते, ती मी खातेपुस्तक उघडावं तशी उघडली. मेमरीचा वेग : २१३३.

छत्तीसशेचे एकवीसशे! मधले चौदाशे सदुसष्ट गेले कुठे? मी मन्याला फोन लावला. त्याने दुसरा एक प्रोग्राम उतरवून घ्यायला सांगितला. त्यात आकडा निघाला १०६६. मी चप्पल घातली.

"मामा, थांबा. दुकानात जाऊ नका," मन्या फोनवर ओरडत होता. "तो बरोबर आहे, तुम्हीही बरोबर आहात आणि दोन्ही प्रोग्रामही बरोबर आहेत!"

असा ताळेबंद मी जन्मात पाहिला नव्हता. चप्पल काढली आणि वाचायला बसलो. पुढचा महिनाभर वह्या बाजूला राहिल्या, आणि यंत्राच्या स्मरणशक्तीला तिच्या ठरल्या वेगाने पळवण्याचा माणसाचा खटाटोप किती जुना आहे ते मला कळलं.

अगदी आरंभी यंत्रं आपली आठवण पाऱ्यात ठेवत. केंब्रिजमध्ये मॉरिस विल्क्स ह्यांनी एड्सॅक नावाचं यंत्र बांधलं. ते ६ मे १९४९ रोजी पहिल्यांदा चाललं. त्यात सुमारे पाच-पाच फुटी नळ्या पाऱ्याने भरलेल्या. एका टोकाला विजेचा ठोका द्यायचा, त्याचा आवाज होऊन पाऱ्यातून दुसऱ्या टोकाला पोचला की तो पकडून पुन्हा पहिल्या टोकाला सोडायचा. म्हणजे आठवण एका जागी बसलेली नाहीच, ती सतत येरझाऱ्या घालते आहे. परीक्षेला निघालेला मुलगा उत्तर पुटपुटत जातो तशी. एका फेरीला साधारण सेकंदाचा हजारावा भाग लागे, आणि हवा तो आकडा टोकाशी येईपर्यंत यंत्र खोळंबून राही. त्यात पाऱ्यातला आवाजाचा वेग उष्णतेबरोबर बदलतो. म्हणून त्या नळ्या ठरावीक तापमानाच्या पेट्यांत सांभाळाव्या लागत. थोडक्यात, मेमरीने ठरल्या वेगाने चालावं ह्यासाठी तिची मर्जी राखण्याची प्रथा पहिल्या दिवसापासूनची आहे. अ‍ॅलन ट्युरिंग ह्या थोर गणितज्ञाने तर पाऱ्याऐवजी जिन वापरा असं सुचवलं होतं. तिच्यात पाणी आणि मद्यार्क अशा प्रमाणात असतात की खोलीच्या तापमानाला आवाजाचा वेग फारसा बदलत नाही, असा त्याचा हिशेब. सूचना अमलात आली नाही. आली असती तर सरकारी खरेदी विभागाने त्या बिलावर काय शेरा मारला असता, हे एक जुना बँकवाला म्हणून मला फार वाटून गेलं.

मग आल्या लोखंडी मण्यांच्या माळा. फेराइटची बारीक कडी आणि त्यांतून ओवलेल्या तारा. एमआयटीच्या व्हर्लविंड यंत्रात जे फॉरेस्टर ह्यांनी १९५३ साली ही मेमरी बसवली आणि पाऱ्याचे दिवस भरले. आपल्याकडेही हे फार लवकर आलं. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये आर. नरसिंहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपलं आपण बांधलेलं यंत्र १९६० साली कामाला लागलं. त्यात अशाच मण्यांची मेमरी होती. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं टिफ्रॅक असं नामकरण केलं. वडिलांची वही काढून पाहिली. त्या वर्षी आमच्याकडे ज्वारी बरी आली होती आणि मोठ्या आत्याचं लग्न मोडलं होतं. मुंबईतल्या मण्यांची दखल नाही.

ह्या मण्यांची एक गंमत. आत काय आहे हे वाचायला गेलं की ते पुसलं जायचं, म्हणून वाचून झालं की लगेच पुन्हा लिहून ठेवावं लागे. मण्यांनंतर जी मेमरी आली आणि जी आजही तुमच्या-माझ्या यंत्रात आहे, ती त्याहून विसराळू. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड ह्यांना ती १९६६ मध्ये सुचली, १९६८ मध्ये पेटंट मिळालं, आणि १९७० मध्ये इंटेलने ११०३ नावाची चिप बाजारात आणली. तिच्यात प्रत्येक आठवणीसाठी विजेचा एकेक चिमुकला हंडा. भरलेला असला तर 'एक', रिकामा असला तर 'शून्य'. पण हंडा गळका! ११०३ मध्ये दर दोन मिलिसेकंदांनी सगळे हंडे तपासून पुन्हा भरावे लागत. आज पन्नासहून अधिक वर्षं झाली, हंडे अजून गळतातच; फक्त मुदत वाढून सेकंदाचा सोळावा भाग झाली आहे. माझी कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे एका सेकंदात सोळा वेळा नव्याने पाणी भरणारी चाळ आहे, हे समजल्यावर मला तिच्याबद्दल थोडी माया वाटू लागली.

ह्या गळक्या हंड्यांवर वेगाचा छाप मारायची पद्धत आधी निराळी होती. १९९० च्या आसपासच्या पट्ट्यांवर ७० किंवा ६० असे आकडे असत. ते नॅनोसेकंद. आकडा लहान तितका माल चांगला. प्रोसेसर घाईचा आणि मेमरी सावकाश, म्हणून प्रोसेसरला किती ठोके थांबवून ठेवायचं ते मालकाने सेटिंगमध्ये जाऊन सांगायचं. कमी सांगितलं तर यंत्र भेलकांडे, जास्त सांगितलं तर पैसे फुकट. पुढे एसडीरॅम आली, जी प्रोसेसरकडच्या घड्याळाच्या ठोक्यावरच पाऊल टाकते. पट्टीवर एक छोटीशी चिप आली, जिच्यात त्या पट्टीची कुंडली लिहिलेली असते. यंत्र सुरू होताना ती कुंडली वाचतं आणि मालकाला विचारत नाही.

मग डीडीआर. आधीची मेमरी एस.टी.सारखी जाताना भरून जायची आणि येताना रिकामी यायची. डीडीआर जाताना भरलेली, येतानाही भरलेली. ठोका वर जाताना एक खेप, खाली येताना दुसरी. विकणाऱ्यांनी आकडा लगेच दुप्पट छापायला घेतला. म्हणून एक प्रोग्राम फेऱ्या मोजतो आणि १०६६ सांगतो, दुसरा खेपा मोजतो आणि २१३३ सांगतो. मन्या म्हणाला ते खरं होतं.

आणि छत्तीसशे? तर ह्या धंद्याची एक पंचायत आहे, जेडेक नावाची, १९५८ पासूनची. कुठल्या जातीची मेमरी किती वेगाने, किती व्होल्टवर चालावी ते ती ठरवते. डीडीआर-४ चं मानक तिने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यात वीजदाब १.२ व्होल्ट, आणि वेगाची शेवटची पायरी ३२००. छत्तीसशे पंचायतीच्या दप्तरात नाहीच! विकणारे चांगल्या चिपा निवडून काढतात, १.३५ व्होल्ट देऊन पळवून बघतात आणि तो आकडा डब्यावर छापतात. कुंडलीच्या पहिल्या पानावर मात्र पंचायतमान्य साधा वेग असतो, कारण पट्टी कुठल्या बोर्डात जाऊन पडणार हे तिला ठाऊक नसतं. चढा वेग मागच्या पानावर. मुलाच्या स्थळात पगार ओव्हरटाइम धरून सांगावा आणि मुलीकडच्यांनी तो मूळ पगार समजावा, तसला हा प्रकार.

हे मागचं पान लिहिण्याची रीत २००६ मध्ये एनव्हिडिया आणि कॉर्सेअर ह्यांनी काढली. २००७ मध्ये इंटेलने आपलं एक्सएमपी आणलं आणि तेच नाव रुळलं. एएमडीने २०२२ मध्ये डीडीआर-५ साठी एक्स्पो काढलं. पण पान कुठलंही असो, ते उघडायला मालकानेच बायोसमध्ये जाऊन एक बटण दाबायचं. न दाबलं तर माणूस वर्षानुवर्षं छत्तीसशे समजून एकवीसशे चालवतो. अमेरिकेत ह्याच तक्रारीवरून गिऱ्हाइकं कोर्टात गेली. म्हणजे पोती मोजून घेणारे तिथेही आहेत.

मी बटण दाबलं. पडदा काळा झाला, उजळला, पुन्हा काळा झाला. मग विंडोज आलं. टास्क मॅनेजर : ३६००. मी हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "बरं. आता दूध आणा."

तीन दिवस स्वर्गात होतो. चौथ्या दिवशी १९६१ ची वही घेतली. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, त्या रात्रीचं पान. वडिलांनी त्यात आमच्या ओसरीवर आलेल्या माणसांची नावं लिहून ठेवली आहेत. पान हलक्या हाताने काचेवर ठेवलं, स्कॅन केलं, जपून ठेवलं. संध्याकाळी उघडून पाहतो तर वरचं अर्धं पान स्वच्छ आणि खालचं अर्धं नुसतं राखाडी. आधीची पानं तपासली. आणखी दोन तशीच.

मन्या पेन ड्राइव्ह घेऊन आला. मेमटेस्ट नावाचा, १९९४ पासून चालत आलेला एक प्रोग्राम आहे. तो मेमरीत आकडे लिहितो, परत वाचतो आणि जुळवून पाहतो. हे माझंच काम! पहिल्याच तासात लाल ओळी आल्या. चार चुका. अब्जावधी नोंदींत चार. बँकेत असतो तर ह्या अचूकतेबद्दल माझा सत्कार झाला असता, पण त्यांतली एक नोंद पानशेतच्या रात्री पडली होती.

"पट्ट्या चांगल्या आहेत मामा. पण आता मेमरीची किल्ली बोर्डाकडे नसते, प्रोसेसरच्या पोटातच असते. आणि तुमच्या प्रोसेसरला कंपनीने अधिकृत २६६६ पर्यंतच सांगितलंय. डब्यावरचा आकडा पट्टीचा, तुमच्या मशीनचा नाही."

"मग हे मला डब्यावर का नाही लिहिलं?"

"लिहिलं असेल बारीक अक्षरात."

भिंग आणलं. नव्हतं. म्हणजे मला तरी सापडलं नाही.

मग आम्ही खाली उतरत आलो. ३४६६ ला दोन तासांनी एक चूक. ३३३३ ला पहाटे एक. ३२०० ला रात्रभर काही नाही, दुसऱ्या रात्रीही नाही. मन्याने एक हिशेब करून दाखवला आणि माझं दुःख निम्मं केलं. मागितलेली वस्तू हाती यायला लागणारा वेळ ३६०० ला अठरा ठोके, ३२०० ला सोळा. पण ३६०० चा ठोका आखूड. दोन्हीकडे वेळ भरतो दहा नॅनोसेकंद! २००३ च्या चांगल्या डीडीआर पट्टीलाही दहाच लागत. खेपा वाढल्या, पण पहिली खेप निघायला लागणारा वेळ वीस वर्षांत हललेला नाही. फक्त २१३३ ला तो चौदा होता, तेवढं बटण दाबल्याचं सार्थक.

पानशेतचं पान पुन्हा काचेवर ठेवताना ही शेजारी उभी होती. पान आलं, पण खालचा डावा कोपरा सुटला. सतरा नावांपैकी सोळा वाचता येतात. सतराव्याचं आडनाव राहिलं आहे, नाव गेलं. कसपटं चाळून पाहिली, एका पाकिटात भरून वहीत ठेवली.

त्या रात्री मी मेमरीचा रिकामा डबा काढला. '३६००' वर लाल शाईने आडवी रेघ मारली, शेजारी '३२००' लिहिलं, आणि खाली 'तपासून बरोबर' लिहून तारीख घालून सही केली.