पीर गायब: दिल्लीच्या टेकडीवरचं आकाश



आजची गोष्ट दिल्लीतल्या एका टेकडीची आहे. टेकडी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पर्वती येते, जोतिबाचा डोंगर येतो. ही तेवढी उंच नाही. अरवलीची रांग दिल्लीपर्यंत येता येता दमते आणि तिचं शेवटचं टोक विद्यापीठामागे यमुनेच्या दिशेनं जमिनीत विरून जातं. दिल्लीकर तिला 'रिज' म्हणतात.

मी तिथे गेलो तो मुलीच्या एका प्रश्नामुळे. आम्ही मूळचे कागलकडचे, मुलगी मात्र जन्मापासून दिल्लीची. जुलैत आजीचा फोन येतो, "तरणा लागला बघ, चांगला पडतोय." तरणा म्हणजे पुनर्वसू नक्षत्राचा पाऊस, आणि त्यानंतरचा पुष्याचा तो म्हातारा. मुलीनं विचारलं, "बाबा, पुनर्वसू आकाशात कुठे असतो?" मी म्हणालो, जुलैत नाही दिसणार. पाऊस त्या नक्षत्राचा म्हणतात, कारण तेव्हा सूर्य त्याच्यात असतो आणि ते तारे दिवसा उगवून दिवसाच मावळतात. मार्चमध्ये संध्याकाळी आठच्या सुमाराला ते बरोबर डोक्यावर येतील, तेव्हा दाखवतो. कबूल तर केलं. पण दाखवायचं कुठून?

तेव्हा मला रिजवरची 'पीर गायब' नावाची वास्तू आठवली. फिरोजशाह तुघलकानं चौदाव्या शतकात इथे शिकारीसाठी महाल बांधला, 'कुश्क-ए-शिकार'. त्यातला उरलेला भाग म्हणजे ही दुमजली दगडी इमारत. इथे राहणारा एक पीर एके दिवशी दिसेनासा झाला, म्हणून हे नाव, असं लोक सांगतात. वरच्या मजल्यावर छताला आरपार एक गोल भोक आहे, आणि त्यामुळे तिथून आकाशाचे वेध घेत असावेत, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं.

अशा भोकातून काय दिसणार? फक्त माथ्यावरचा आकाशाचा लहानसा तुकडा. पण त्यातच त्याचा उपयोग आहे. एखादा तारा त्या तुकड्यातून सरकला की तो नेमका डोक्यावर आला, हे कळतं. ती वेळ नोंदवली की घटका तपासता येतात. शिवाय माथ्यावरून कोणते तारे जातात, हे त्या जागेच्या अक्षांशावर ठरतं. दिल्लीचा अक्षांश साधारण साडेअठ्ठावीस. पुनर्वसूतला जास्त तेजस्वी तारा आज या टेकडीच्या माथ्यापासून एक अंशही दूर न जाता सरकतो.

फिरोजशाहला या विषयाची खरीच आवड होती. त्याच्या दरबारात महेंद्रसूरी नावाचे जैन मुनी होते. ताऱ्यांची उंची आणि वेळ मोजण्याचं जे पितळी यंत्र अरबी-फारसी जगात 'उस्तुरलाब' म्हणून ओळखलं जाई, त्यावर त्यांनी 1370 मध्ये संस्कृतात 'यंत्रराज' हा ग्रंथ लिहिला. सुलतान मुसलमान, लेखक जैन, भाषा संस्कृत, यंत्र अरबांकडून आलेलं आणि विद्येचं मूळ ग्रीकांकडे. आकाश सगळ्यांचं एकच असल्यामुळे यात कुणाला अडचण वाटली नाही.

आता आपल्या माणसाकडे येऊ. पीर गायब आज ज्या रुग्णालयाच्या आवारात आहे त्याचं नाव हिंदुराव. हे हिंदुराव कोण, असं दिल्लीत दहा जणांना विचारा, नऊ जण खांदे उडवतील. ते कागलचे घाटगे. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांचे भाऊ. ग्वाल्हेरच्या राजकारणात 1833 मध्ये बायजाबाईंना गादीपासून दूर व्हावं लागलं आणि हिंदुरावही ग्वाल्हेर सोडून दिल्लीत स्थिरावले. ब्रिटिश अधिकारी विल्यम फ्रेझर याचा 1835 मध्ये खून झाला. त्यानंतर रिजवरचा त्याचा बंगला हिंदुरावांनी घेतला. ते 1855 मध्ये वारले. दोनच वर्षांनी, 1857 च्या लढाईत, त्यांचा बंगला हे इंग्रजांचं मोर्चाचं ठाणं झालं आणि तोफांच्या माऱ्यानं पार खिळखिळा झाला. नाव तेवढं टिकलं. कागलचा एक माणूस घरापासून इतक्या लांब, उन्हाळ्याच्या रात्री या टेकडीवर बसला असेल तेव्हा त्याच्या डोक्यावर गावाकडचंच आकाश असणार, एवढं मी खात्रीनं म्हणू शकतो. तेव्हा खालच्या शहरात तेलाचे दिवे होते.

आम्ही मार्चमध्ये गेलो. अमावास्या जवळ होती, हवाही बरी होती. दिल्लीत दिवाळीनंतर धूर, मग धुकं, मेपासून धूळ, पुढे ढग. असे दिवस थोडेच मिळतात. आठ वाजता मुलीनं मान वर केली. पुनर्वसूचे दोन्ही तारे दिसले. व्याध दिसला, मृग दिसला. तिनं मोजले, एकोणीस तारे. रुग्णालयाला उजेड हवाच, त्याचा दोष नाही. पण तिथेच काय, सगळ्या शहरावर तांबूस झाकण घातल्यासारखं होतं. जंतरमंतरचंही तेच. सवाई जयसिंगानं 1724 च्या सुमारास उभारलेलं सम्राट यंत्र आजही सुमारे 21 मीटर उंच आहे आणि त्याची तिरपी भिंत ध्रुवाकडे रोखलेली आहे. ज्याच्यासाठी ती बांधली, ते आकाश मात्र इमारतींनी आणि दिव्यांनी अडवलंय.

त्याच आठवड्यात आम्ही सरिस्काजवळच्या एका टेकडीवर गेलो. अलवर जिल्हा, म्हणजे सरकारी हिशेबानं अजून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रच. डोंगरही तोच, अरवली. गाडीचे दिवे बंद केले आणि वीस मिनिटं गप्प बसलो. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला तेवढा वेळ लागतो. अशा जागी नुसत्या डोळ्यांना एका वेळी दोन-अडीच हजार तारे दिसू शकतात. मुलगी मोजायला लागली आणि तिनं सोडून दिलं. मग म्हणाली, "बाबा, आता पुनर्वसू सापडतच नाहीये." इतके तारे होते की ओळखीचे दोन गर्दीत हरवले होते. ईशान्येला अलवरचा उजेड होता, त्याच्याही पलीकडे कुठेतरी आमची दिल्ली.

इतिहास सांगताना आपण पडलेल्या भिंतींबद्दल हळहळतो. कोसळलेला महाल परत येत नाही, पण आकाश कोसळलेलं नाही. ते झाकलं गेलंय आणि झाकण काढता येतं. महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला 2024 च्या जानेवारीत भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतले दिवे खाली तोंड करून बसवले. उजेड रस्त्यावर पडला, आभाळात गेला नाही. गावं काही अंधारात बुडाली नाहीत.

या जुलैत आजीचा फोन आला, "तरणा लागला." मुलीनं फोन हिसकावून घेतला आणि म्हणाली, "आजी, मी पाहिलाय तो."

पीर परत येईल की नाही, कोण जाणे. तारे येतील. तुमच्या गच्चीवरून आज किती दिसतात, ते मोजून मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.